पेट्रोल नव्हतंच

१८ जून
नाशिकरोड जेलला मुलाखत. किरण बारीक वाटला. जाळीपलीकडून पहिला प्रश्न नेहमीचाच, "आई, सई शाळेत गेली का?" तिसरीत गेली, सांगितलं. वर्ग बदललाय, बाई नव्या आहेत, पाण्याची बाटली आत्ताच हरवून झाली. हसला.
शेजारच्या जाळीशी उभी असलेली बाई म्हणाली, "मुलगा का तुमचा?"
"जावई."
"आणि मुलगी?"
"गेली. तिला जाळलं म्हणूनच हा आत आहे."
बाईने पदर तोंडाला लावला आणि जरा लांब सरकली. तिला तरी काय दोष द्यायचा. मुलगी गमावलेली आई मुलीच्या खुन्याला भेटायला येते, असंच दिसत असणार.
तो खुनी नाही. पण जाळीपाशी उभं राहून कुणाकुणाला सांगू?

२० जून
मृणालचा फोन. हायकोर्टात आता हीच आमची वकील. पहिला वकील आठवला की अजून डोकं फिरतं, जाऊ दे.
म्हणाली, "काकू, मी निकालपत्र पुन्हा वाचलं. अख्खी जन्मठेप दोन गोष्टींवर उभी आहे. फरशीवर पेट्रोल ओतल्यासारखे डाग, आणि लॅबने लिहिलंय की पेट्रोलियमचा अंश सापडला. या दोन काढल्या तर खाली काही नाही."
"आणि त्याचे भाजलेले हात?"
"ते कसे भाजले हे तुम्हालाच तर रोहिणीने सांगितलं ना?"
सांगितलं. हॉस्पिटलात, पहिल्या दिवशी. "आई, किरणच्या हाताला बघ गं. त्यानं ओढून काढलं मला. चार्जिंगला लावलेली इलेक्ट्रिक गाडीची बॅटरी फुटली." एवढंच. तहसीलदार जबाब घ्यायला आले तोवर शुद्ध गेली होती, ती परत आलीच नाही. किरणला हॉस्पिटलातूनच उचललं, सई तेव्हा दोन वर्षांची. बायकोला पोचवायलासुद्धा सोडलं नाही त्याला.
हे सगळं मी सेशन कोर्टात सांगितलं होतं. निकालात माझ्यावर एक ओळ. नातीच्या काळजीपोटी जावयाला पाठीशी घालते आहे. जन्म गेला शाळेत शिकवण्यात. खोटं बोलू नका, खोटं बोलू नका. ती ओळ वाचली तेव्हा...
नको. आज नाही.

२३ जून
दिंडोरी. विलासकडे. माझा सख्खा धाकटा भाऊ, आणि फिर्याद त्याचीच. रोहिणी लहान असताना माझी नोकरी सुरगाण्याकडच्या पाड्यावर, तिथे शाळा चौथीपर्यंत. मग ती मामाकडे राहून शिकली. त्याच्या ट्रॅक्टरवर बसून हायस्कुलात जायची. तिच्या लग्नात माझ्यापेक्षा तोच जास्त रडला.
जेवताना म्हटलं, अपील लागतंय.
"ताई, तू ये, जेव, राह्य. पण त्याचं नाव नको काढू माझ्या घरात."
"विलास, तिने मला स्वतः सांगितलंय..."
"सरकारी वकील सायबानं मला फोटू दाखवले ना! फरशीवर वतल्याले डाग हायेत. मी काय आंधळा हाय का? तू जावयाला वाचवती, आन् पोरीला विसरली."
ताटावरून उठले. येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. द्राक्षबागा नुसत्या हिरव्यागार. कुणाला काय त्याचं.

४ जुलै
सईला वर्गातल्या मुलीने सांगितलं, तुझ्या बाबांनी तुझ्या आईला जाळलं. तिने घरी येऊन दप्तरही काढलं नाही. "आजी, खरं का?"
"खोटं."
"मग ते तिथे का?"
"मोठ्या माणसांनी चुकीचं गणित केलं म्हणून."
"मग खोडायचं ना."
होय ग बाई. खोडायचं.

११ जुलै
मृणालने देव सरांना आणलं. पुण्याला इंजिनीअरिंगच्या मुलांना आगीचं शास्त्र शिकवतात. बारीक, चष्मा सारखा कपाळावर. जेवणाच्या टेबलावर फोटो मांडले. मी स्वयंपाकघरात जाणार होते, पण गेले नाही. आपल्या मुलीची खोली आहे, आपण बघायची नाही तर कोणी.
सर म्हणाले, "मॅडम, बंद खोलीत आग लागली की धूर आणि उष्णता आधी छताशी साठते. मग एका क्षणी खोलीतलं सगळं एकदम पेटतं. गादीचा फोम, प्लॅस्टिकची खुर्ची, पडदे, सगळं वितळून जळत खाली वाहतं. त्यानंतर फरशीवर असेच डाग राहतात. कोणी काहीही न ओतता."
"मग लॅबला पेट्रोल सापडलं ते?"
"पेट्रोल सापडलं असं नाही, पेट्रोलसारखं काही दिसलं. फोमही शेवटी त्याच जातीच्या तेलातून बनतो. म्हणून न जळलेल्या गादीचा तुकडा शेजारी ठेवून तपासायचा असतो. तो तपासलाय असं कुठेच दिसत नाही."
मी दोनदा विचारलं. दोनदा तेच सांगितलं, न चिडता. मग म्हणाले, "नुसतं सांगून कोर्ट ऐकणार नाही. दाखवावं लागेल. तशीच खोली बांधून जाळावी लागेल."
रात्री भात करपला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा करपलेलंही गोड लागलं.

२० जुलै
आगीच्या वेळी अग्निशमनची जी गाडी आली तिच्यावरचे अधिकारी गायकवाड. राहतात इंदिरानगरातच, आमच्यापासून दोन गल्ल्या. भाजी घेताना मला बघून रस्ता ओलांडतात हे कधीचं लक्षात आलं होतं. मृणालला त्यांनी भेट नाकारली. आज मीच गेले. चपला दाराबाहेर काढल्या आणि सरळ सोफ्यावर बसले.
"गायकवाड साहेब, मी रोहिणीची आई."
"माहितीये मॅडम."
त्यांनी पंखा लावला. मग म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलेलं. चार्जिंगच्या कोपऱ्यातून सुरू झालेली आग आहे. भिंत तिथेच सगळ्यात जास्त फुटली होती. बॅटरीचा सांगाडा मी हाताने दाखवला पोलिसांना. जबाब लिहून घेतला, सही केली मी. पुढे सरकारी वकिलांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, बॅटरीचं नाव काढू नका, केस कमजोर होते. मी म्हटलं, जे पाहिलं ते सांगणार. मग मला समन्सच आलं नाही."
"आणि तुम्ही गप्प बसलात."
मान खाली. रिटायरमेंट, पेन्शन, काहीतरी पुटपुटले.
"आता बोलाल?"
आतून त्यांच्या मिसेसचा आवाज, "बोलतील." चहा घेऊन आल्या. "ह्यांना झोप लागत नाही तुमच्या गल्लीतून आले की. बोलतील ते."
बोलणार आहेत.

१९ ऑगस्ट
हायकोर्ट. दोन न्यायमूर्ती. सरकार पक्ष म्हणाला, इतक्या वर्षांनी नवा पुरावा कशाला. मृणाल म्हणाली, "नवा नाही मायलॉर्ड. जुनाच आहे. लपवलेला."
मोठ्या न्यायमूर्तींनी चष्मा काढला. आदेश: गायकवाडांची साक्ष, देव सरांची साक्ष, आणि लॅबच्या तज्ज्ञाची उलटतपासणी पुन्हा, सगळं नाशिकच्या कोर्टात नोंदवून वर पाठवा.
बाहेर आल्यावर मृणालला मिठी मारली. तिचा पांढरा बँड विस्कटला. "काकू, अजून जिंकलो नाही." मला काय करायचंय. मी आजचं जिंकले.

३१ ऑगस्ट
मुलाखत. किरणला सांगितलं. म्हणाला, "आई, आशा नका लावू. मागच्या वेळी आशा लावली आणि नंतर फार जड गेलं." मी रागावले. सरळ वर्गातल्यासारखी रागावले, "ताठ उभा राहा आधी." राहिला. शिपाईपण ताठ झाला बहुतेक.

१२ सप्टेंबर
तारीख पुढे.

२६ सप्टेंबर
तारीख पुढे. सरकारी वकील "उपलब्ध नाहीत". आता नवे आहेत, त्या वेळचे मोठ्या पदावर गेले. माणूस बदलला, सवय तीच.

१९ ऑक्टोबर
आज आग लावली.
गंगापूर रोडच्या पुढे, देव सरांच्या ओळखीतल्या एकाचा मोकळा प्लॉट. रोहिणीच्या हॉलएवढीच खोली विटांची बांधली, वर पत्रे. तसलीच फोमची गादी, प्लॅस्टिकची खुर्ची, पडदे, आणि कोपऱ्यात तसल्याच गाडीची बॅटरी चार्जिंगला. अग्निशमनची गाडी उभी, परवानगी घेऊन. कॅमेरे चारी बाजूंनी. पेट्रोलचा थेंब नाही, आत जाणाऱ्या प्रत्येकाचे हात-खिसेसुद्धा कॅमेऱ्यासमोर तपासले.
सगळी तयारी झाली आणि विलासची जीप येऊन थांबली. मी त्याला तारीख कळवली होती, बस. येईल असं वाटलं नव्हतं. छाटणीचे दिवस, मजूर बागेत सोडून आलेला. लांब लिंबाखाली हाताची घडी घालून उभा.
सरांनी बॅटरी तापवली. आधी शिट्टीसारखा आवाज. मग पांढरा धूर. मग ठो. मी डोळे मिटले नाहीत. गादीने पेट घेतला, पडदा गेला, धूर छताला लागून खाली उतरायला लागला, आणि एकदम... सगळी खोलीच भडकली. खिडकीतून ज्वाळा बाहेर. माझ्या तोंडून तिचं नाव निघालं. मृणालने दंड धरला.
विझवल्यावर, निवल्यावर सरांनी राख बाजूला करून फरशी धुतली. डाग. ओतल्यासारखे, वाहत गेल्यासारखे, कडा वाकड्यातिकड्या. फोटोतल्यासारखेच. अगदी तसेच.
विलास कधी जवळ आला कळलं नाही. दारात उभा राहून बघत होता. सर त्याला ओळखत नव्हते, सांगू लागले, हे डाग असे, ते तसे. त्याने विचारलं, "इथं कुनी काय वतलं व्हतं?"
"काहीच नाही."
"काहीच नाय?"
"तुम्ही इथेच तर होता."
तो तिथेच, ओल्या राखेत, मटकन बसला. पांढरा शर्ट काळा झाला. मी जवळ गेले तर म्हणाला, "ताई, त्यांनी मला फोटू दाखवला आन् मी..." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लहानपणी ठेवायचे तसा. माझी चीड कुठे गेली कोण जाणे.

६ नोव्हेंबर
जळलेल्या खोलीतले नमुने सरांनी दुसऱ्या लॅबला पाठवले होते. तिथेही तेच तेलाचे अंश निघाले. पेट्रोल न वापरता. न जळलेल्या गादीतही तेच.
सईला म्हटलं, गणित सापडलं.

२१ नोव्हेंबर
नाशिक कोर्ट. देव सरांची साक्ष कालच झाली, जाळलेल्या खोलीच्या व्हिडिओसकट. आज आधी गायकवाड. शर्टाला इस्त्री, आवाज सुरुवातीला बसलेला, नंतर खणखणीत. "बॅटरीचं नाव काढू नका" हे वाक्य त्यांनी कोर्टात तसंच्या तसं म्हटलं. समोरचे नवे सरकारी वकील उलटतपासणीला उठले, "एवढी वर्षं का गप्प होता?" गायकवाड म्हणाले, "भ्यालो होतो. आज नाही." बसले ते वकील खाली.
मग लॅबचे तज्ज्ञ. मृणालने अगदी शांतपणे विचारलं.
"तुलनेसाठी न जळलेला फोम तपासलात?"
"नाही."
"का?"
"आला नव्हता."
"तुम्ही मागितला?"
गडी पाणी प्यायला. "मागितला होता. बॅटरीचे अवशेषही मागितले होते. गरज नाही असं उत्तर आलं."
"कोणाकडून?"
"सरकारी वकिलांच्या कार्यालयातून."
"म्हणजे हे पेट्रोल आहे, फोम नाही, असं तुम्ही आज शपथेवर सांगू शकता?"
"नाही सांगू शकत."
टायपिंग सुरू झालं. नाही सांगू शकत. ही तीन शब्दांची ओळ टाइप होऊन कागदावर येईपर्यंत मी श्वास घेतला नव्हता बहुतेक.
बाहेर पडून मृणाल, गायकवाड, मी, आणि मागच्या बाकावर गुपचूप येऊन बसलेला विलास, चौघांनी मिसळ खाल्ली. तर्री जास्त घेतली. डोळ्यांना पाणी आलं तर सगळ्यांना कारण होतं.

१८ डिसेंबर
विलासने हायकोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं. फोटो दाखवून आपल्याला सांगितलं गेलं, आपण स्वतः काही पाहिलं नव्हतं. नवरा-बायकोत भांडणं होती असं बोलायलाही सरकारी वकिलांनीच शिकवलं. मृणाल म्हणाली, मामांनी यायची गरज नव्हती, पोस्टाने चाललं असतं. पण तो स्वतः आला. नवा शर्ट घालून.
किरणला मात्र भेटायला तयार नाही. "कोन्या तोंडानं जाऊ?"

१३ जानेवारी
सुनावणी पूर्ण. निकाल राखून ठेवला. आता हे दिवस कसे ढकलायचे. संक्रांतीचे तिळगूळ करायला घेतले, पाक चुकला, दगड झाले. सई म्हणते, आजी हे फेकून मारायचे का?

३ फेब्रुवारी
सुटला. सुटला. सुटला.
कोर्टात बसले होते, सई मांडीवर. न्यायमूर्ती वाचत होते, अर्धं कळत नव्हतं, मृणालच्या पाठीकडे बघत होते. मग ती पाठ एकदम ताठ झाली. निर्दोष मुक्तता. संशयाचा फायदा देऊन नाही, हे त्यांनी मुद्दाम म्हटलं. गुन्हा घडल्याचाच पुरावा नाही. आग अपघाताने लागली असण्याचीच शक्यता जास्त. सरकार पक्षाने साक्षीदार आणि अवशेष जाणूनबुजून कोर्टापासून दूर ठेवले, त्याची चौकशी व्हावी.
आणि माझ्याबद्दल. मृतेच्या आईची साक्ष नैसर्गिक व विश्वासार्ह आहे, खालच्या कोर्टाने ती नाकारायला नको होती. मृणालने मागे वळून माझ्याकडे बघितलं. मी इतका वेळ आवरलं होतं, तिथे नाही आवरलं.
सई, "आजी, खोडलं का?"
खोडलं ग. खोडून नवीन लिहिलं.

५ फेब्रुवारी
कागद पोचायला दोन दिवस. आज जेलच्या दारातून बाहेर आला. हातात एक पिशवी. सई आधी माझ्या मागे लपली. ती नेहमी त्याला जाळीतून बघायची, अख्खा माणूस बघितला नव्हता बहुतेक. मग पुढे होऊन तिने त्याच्या हातावरचे भाजल्याचे वण बघितले. "दुखतं?"
"नाही."
"आईला ओढताना झालं ना? आजीने सांगितलं." आणि तोच हात धरून चालायला लागली. किरण माझ्याकडे बघत राहिला.
घरी बिल्डिंगमधले सगळे. समोरच्या वहिनी, ज्या लिफ्टमध्ये आमच्यासोबत चढत नव्हत्या, पेढे घेऊन. "आम्हाला तर माहीतच होतं हो!" मी पेढा घेतला. चांगला होता.

८ फेब्रुवारी
सकाळी किरण म्हणाला, "आई, तिला कुठे... मला माहीतच नाही." रामकुंडावर नेलं, तिच्या अस्थी तिथेच सोडल्या होत्या. पायरीवर बसला. मी नि सई जरा लांब. बऱ्याच वेळाने पाण्यात हात घातला आणि इतकी वर्षं रडला नव्हता तेवढा रडला. मोठ्याने. येणारे-जाणारे बघत होते. बघू देत. त्याचा हक्क आहे.
परत येताना भूक लागली म्हणाला. जेलमधून आल्यापासून पहिल्यांदा स्वतःहून.

२ मार्च
किरणच्या जुन्या वायनरीने परत बोलावलं. बाटल्या भरायच्या मशीनवरच. नव्या मुलांना शिकवायला. जेवणाचा डबा सई भरते, म्हणजे चमचा विसरते.
सरकार सुप्रीम कोर्टात जाणार की नाही, अजून कळत नाही. मृणाल म्हणते, जाऊ द्यात, आपण तयार. चौकशीचंही घोंगडं भिजत पडलंय. ते त्या वेळचे सरकारी वकील साहेब अजून खुर्चीवरच आहेत. किरण म्हणतो, सोडा आता. मी नाही सोडणार. माझं वय झालंय, पण हट्ट शाबूत आहे.

१९ मार्च
एका बाईचा फोन. मालेगावच्या पुढचं खेडं. पेपरात निकाल वाचून कोणाकोणाला विचारत नंबर मिळवला म्हणे. घाबरत घाबरत बोलत होती. "मना पोऱ्या तसा नई शे, बाई. त्यानी झोपडी पेटाडी नई." तिच्या मुलालाही जन्मठेप. तिथेही जमिनीवरचे डाग. तिथेही पेट्रोलियमचा अंश. लॅबचा माणूस तोच.
"तुम्ही कागद बघशात का?"
मी म्हटलं, मला कागदातलं कळत नाही, पण कळणारी माणसं माहीत आहेत. देव सरांना फोन केला. ते लगेच, "कधी निघायचं?" मृणालही येते म्हणाली, दोघं परस्पर मालेगावात भेटतील.
किरण ऐकत होता. म्हणाला, "मीपण येतो. त्या मुलापर्यंत कोणी पोचवलं पाहिजे, आत कसं तग धरायचं ते."

२२ मार्च, रविवार
गाडी विलासची. मी त्याला सांगितलं नव्हतं किरणही येणार म्हणून. आणि किरणलाही गाडी कोणाची ते सांगितलं नव्हतं. म्हातारीने केलं काय वाईट?
किरण बिल्डिंगखाली आला, गाडी बघून थांबला. विलास स्टिअरिंग धरून समोर बघत बसलेला. मी मुद्दाम मागे बसले, सईला घेऊन. पुढची सीट रिकामी. किरण थोडा वेळ दारापाशी उभा राहिला, मग बसला. पट्टा लावला.
ओझर गेलं, पिंपळगाव गेलं. सईसुद्धा गप्प, तिला कळतं सगळं. चांदवडच्या घाटाअलीकडे विलासने खोकल्यासारखं केलं.
"काच घे की खाली. उकडतंय."
किरणने काच खाली घेतली. वारा आला. मग त्याने मान वळवून विलासकडे बघितलं. आणि नजर काढली नाही.
आत्ता त्या बाईच्या ओट्यावर बसून लिहितेय. देव सर आणि मृणाल आत कागद वाचतायत. किरण तिच्याशी हळू आवाजात बोलतोय, ती पदराने डोळे पुसत ऐकतेय. विलास अंगणात येरझाऱ्या घालतोय, मध्येच दारापर्यंत येतो, परत जातो.
आतून सरांचा आवाज आला, "मॅडम, जरा या इकडे. हे बघा. इथेही न जळलेला नमुना तपासलेलाच नाही."